फोन ठेवल्यानंतर

"फोनवर बसणाऱ्या माणसानं तोंड रिकामं ठेवावं गं. हा खाऊचा खण एक दिवस तुझी खुर्ची खाईल," काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा चिमणीने हसून त्यांच्याच पुढे बिस्किटाचा पुडा धरला होता.

अँब्युलन्स मागवणारे फोन जिथे येतात, त्या खोलीत ती तीन वर्षं बसत होती. दिवसभर काही ना काही टिपत असते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. शेजारच्या टेबलावर काकू, वीस वर्षांच्या मुरलेल्या. आपण भुकेपोटी खात नाही, हे चिमणीला पक्कं ठाऊक होतं. एखादा बाप रडत रडत पत्ता सांगे, ती गाडी धाडी, गाडी दारात पोचली की फोन बंद. पुढे काय झालं, कुणी सांगत नसे. दुसरा फोन वाजायच्या आत हात खणात जाई. बिस्किटं, वेफर्स, लेकीच्या डब्यात उरलेला केक. छातीतली धडधड घटकाभर बसे, मग स्वतःचाच राग येई आणि त्या रागावर आणखी एक बिस्किट.

मंगळवारी हा खण खरोखरच तिच्या मुळावर उठला. फोन एका आजोबांचा होता, बायको बाथरूममध्ये पडली होती. चिमणीच्या तोंडात दोन अख्खी बिस्किटं. कोरडा घास गिळवेना, थुंकवेना. दोनदा "हॅलो" करून फोन लागलाच नाही असं समजून आजोबांनी तो ठेवला, आणि पुन्हा लावला तो अकरा सेकंदांनी. गाडी गेली. पण दुपारी साहेबांनी तिला आत बोलावून रेकॉर्डिंग ऐकवलं. आजोबांचा कापरा आवाज आणि त्यावर कुडुम कुडुम. साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. शुक्रवारपर्यंत बघतो म्हणाले, नाहीतर फाइलींच्या विभागात बसावं लागेल. फाइलींशी तिचं वैर नव्हतं. पण या खुर्चीत बसल्यावर आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, एवढी एकच गोष्ट तिला स्वतःबद्दल खात्रीने सांगता आली असती.

संध्याकाळी घरी ती ओट्याशी उभी राहून लेकीच्या ताटातलं उरलंसुरलं तोंडात टाकत होती. तीन वर्षांची लेक खाली फरशीवर खेळत होती. तिने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, गाल टम्म फुगवले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग खेळण्यातला फोन कानाला लावला.

"काय करतेस गं?"

लेकीने घास गालात सरकवला. "आई-आई खेळते."

चिमणीने ताट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने काकूंच्या देखत खण रिकामा केला. काकूंनी 'तरी मी म्हटलं होतं' हे म्हणून घेतलंच. मग म्हणाल्या, रिकामा खण चार दिवससुद्धा टिकत नाही, हाताला जायला दुसरी जागा लागते. आपल्या खणातून त्यांनी एक कोरी वही काढून दिली. अवघड फोन झाला की एक ओळ लिहायची, उठून तोंड धुवायचं, पाणी प्यायचं. आणि कामाची पाळी संपली की गाडीच्या ड्रायव्हरला फोन करून विचारायचं, पुढे काय झालं.

"तुला भूक बिस्किटाची नाही, पुढचं ऐकायची आहे. दरवेळी चांगलंच कानावर येईल असं नाही हो. पण न कळलेलं माणसाला जास्त खातं."

पहिला फोन तिने मंगळवारच्या आजींसाठी केला. ड्रायव्हर म्हणाला, खुबा मोडलाय, पण म्हातारी खणखणीत आहे, गाडीत सगळा वेळ आजोबांवर डाफरत होती. चिमणी हसता हसता रडली. तरी घरी जाताना जिन्यात उभं राहून तिने अर्धा पुडा संपवलाच. गुरुवारी तिने ते कबूल केलं, तर काकू म्हणाल्या, "अर्धाच? मागच्या आठवड्यात कागदही चाटला असतास."

शुक्रवारी साडेअकराला फोन आला. एका आईचा. तीन वर्षांच्या मुलाच्या घशात मणी अडकला होता, त्याला श्वास घेता येत नव्हता. पहिल्या घंटेला चिमणी बोलू लागली ती थांबलीच नाही. गाडी निघालीय, ताई. त्याला पुढे वाकवा. दोन खांद्यांच्या मधोमध, तळहातानं, जोरात. अजून एकदा. मी इथेच आहे. अजून. आणि मग पलीकडून एक सणसणीत भोकाड कानात घुसलं.

"रडू दे त्याला," चिमणी म्हणाली. "मनसोक्त रडू दे."

गाडी पोचली, फोन बंद झाला. तिचा हात सवयीने खणात गेला, तिथे वही होती. तिने लिहिलं, 'मणी निघाला. रडला.' उठली, तोंड धुतलं, गटागटा पाणी प्यायली. परतली तर साहेब तिच्या खुर्चीपाशी उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"फाइलींसाठी दुसरं कुणीतरी शोधावं लागणार," ते म्हणाले, आणि खोलीभर टाळ्या वाजल्या. काकूंच्या सगळ्यांत मोठ्या.

पाळी संपली तेव्हा काकू हेडफोन उतरवत होत्या. चिमणीने सहज विचारलं, "काकू, तुमचं काय होतं हो, घरी गेल्यावर?"

वीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. काकू पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा खाली बसल्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, उभ्या उभ्या खाणारं आणि 'मी मजेत' म्हणणारं. त्याच्या ताटाकडे बघू नका. आज फोन करा, दिवस कसा गेला ते विचारा. आणि खरं उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.