कोरडी टाकी

मी एक जुनी, छोटी चेनसॉ आहे. पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांनी लाकूड कापणारी करवत. मित्रांनो, झाडं पाडणाऱ्या करवती वेगळ्या. माझं पातं हातभर लांब. मी आपली फांद्यांच्या कामाची.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते मला खोक्यातून बाहेर काढणारे हात. ते माझ्या मालकांचे, एका शाळेच्या माळ्याचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी साखळी उलटी बसवली. मी जीव तोडून फिरले, धूर झाला, पण फांदीवर साधा ओरखडा उमटेना.

"कापतेय की गुदगुल्या करतेय?" शेजारच्या सुतारांनी कुंपणावरून विचारलं.

मी बंद झाल्यावर माळ्याची सात वर्षांची मुलगी वाकून बघत म्हणाली, "बाबा, हिचे दात मागे बघतायत!"

"शाबास! आजपासून तू माझी मुकादम."

मग दर वेळी साखळी बसवली की हाक यायची, "मुकादम, दात तपासा!" ती ऐटीत यायची आणि मान डोलवायची.

एका वादळात शाळेच्या फाटकावर झाड आडवं झालं. मी दिवसभर त्याच्या फांद्या तोडून वाट मोकळी केली. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढीशी आहे, पण कामाची आहे." ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मालकांची एक रीत होती. चार-आठ दिवसांत पुन्हा काम असेल, तर माझ्या टाकीत पेट्रोल तसंच राहायचं. महिनोन्महिने काम नसेल, तर ते टाकी ओतून काढायचे, मला सुरू करायचे आणि उरलंसुरलं जळून मी आपोआप थांबेपर्यंत धरून ठेवायचे. टाकीवरूनच मला कळायचं, किती दिवस वाट बघायची ते.

मुकादम शिकायला दूर गेली, तिकडेच नोकरीला लागली. हाक थांबली. मालक चष्मा लावून स्वतःच दात बघायचे आणि पुटपुटायचे, "ठीक आहे, मुकादम."

मग ते आजारी पडले आणि ती आली. इस्पितळात जायच्या सकाळी ती आत पिशवी भरत होती. मालक पायरीवर बसले, त्यांनी माझी टाकी रिकामी केली आणि मला सुरू केलं.

"बाबा, आत्ता हे काय काढलंत?" ती आतून ओरडली.

"काही नाही गं, हिला बंद करून येतो."

एक उचकी देऊन मी थांबले. ते परत आले नाहीत.

दीड वर्ष मी फळीवर होते. कोळ्यानं माझ्या मुठीला जाळं बांधलं. तेवढीच सोबत. एके दिवशी दार उघडलं. मुकादम आत आली. तिचा भाऊ फोनवर तिला सांगत होता, "तो खटारा भंगारात दे. घर रिकामं करायचंय."

"आधी दाखवून तर आणते," ती म्हणाली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी माझी दोरी सावकाश ओढली. "इंजिनाचा दाब चांगला आहे. पातं चालेल. साखळी मात्र नवी लागेल." मग टाकी उघडून त्यांनी वास घेतला. "कुणाची?"

"बाबांची."

"जाणता माणूस. लोक टाकीत पेट्रोल तसंच सोडतात, त्याचा चिकटा होतो आणि मशीन मरतं. यांनी कोरडी करून ठेवलीय. आता बरेच महिने हात लागणार नाही, हे ठरवूनच."

"नाही हो काका, ते तर दोन दिवसांत येतो म्हणून..."

माझ्या मुठीवरची तिची बोटं घट्ट झाली. काका पाठ फिरवून बराच वेळ पाना शोधत राहिले. पाना त्यांच्या हातातच होता.

"साखळी बसवून देऊ, ताई?"

"मी बसवते." तिनं ती बसवली, वाकून पाहिलं. हळूच म्हणाली, "दात तपासले, बाबा."

त्या रविवारी अंगणातली खिडकीवर घासणारी वाळकी फांदी आम्ही दोघींनी कापली. नंतर तिनं भावाला फोन केला. "घर राहू दे. अंगण मी बघेन, दर रविवारी येऊन." मग माझा भुसा झटकला आणि मला फळीवर ठेवलं.

मित्रांनो, ज्यांनी तुमच्यासाठी काम केलं, त्यांना कसंही टाकून जाऊ नका. लांब जाणार असाल, तर टाकी रिकामी करून जा. आम्ही वाट बघतो, पण मन घट्ट करून.

फळीवर तसा एकटेपणा आहेच. पण आज गुरुवार आहे, आणि माझ्या टाकीत पेट्रोल आहे.