रंगाखालचा आकडा

आमच्या घरात खरं बोलायचं काम कायम माझ्यावर यायचं, आणि बोलून झालं की सगळे मलाच फटकळ म्हणायचे. शॅकलच्या बाबतीत मात्र मला गप्प बसवलं गेलं.

आमचा धंदा चिखलात नाहीतर वाळूत फसलेल्या गाड्या ओढून काढायचा. माझा नवरा आणि धाकटे भाऊजी जीप घेऊन जायचे; मी शेडमध्ये सामान बघायची, फोन घ्यायची. फसलेल्या गाडीला ओढायचा पट्टा जोडतात तो शॅकलने. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली लोखंडी कडी आणि तिच्या तोंडाला आडवी पिन, एवढीशी वस्तू, पण सगळा ताण तिच्यावर. ती तुटली तर ताणलेला पट्टा तिला गोफणीतल्या दगडासारखी भिरकावतो. म्हणून चांगल्या शॅकलवर ती किती टन पेलते तो आकडा ठोकलेला असतो, आणि पिन कडीपेक्षा जरा जाडच असते. आकडा नाही ती शॅकल लावायची नाही, हा नियम भाऊजींनीच केलेला.

पण घरात बाबा होते, माझे सासरे. उमेदीच्या काळात त्यांनी भट्टीवर स्वतः शॅकल घडवल्या होत्या. दिसायला देखण्या, विकतच्यापेक्षा जाडजूड. तेव्हाच्या हलक्या गाड्यांना त्या चालून गेल्या, पण लोखंड साधं, भंगारातल्या सळईचं. आता बाबांची आठवण दगा द्यायला लागली होती. जेवलो की नाही ते सांगता यायचं नाही, हात मात्र स्वस्थ बसायचे नाहीत. म्हणून ह्यांनी त्यांना ब्रश आणि नारिंगी रंगाचा डबा दिला. नारिंगी शॅकल चिखलात पडली तरी सापडते. बाबा मन लावून रंगवायचे, रंगाचे एकावर एक हात द्यायचे, आणि त्या जाड रंगाखाली आकडे बुजून जायचे. विकतच्या काय नि घरच्या काय, सगळ्या सख्ख्या बहिणी दिसायला लागल्या.

मी कानस घेऊन रंग खरवडत बसायची. भाऊजी जाता जाता विचारायचे, वहिनी, शॅकल निवडताय की जावई? जावई वाईट निघाला तर निदान भांडता तरी येतं, असं मी म्हणायची. ते हसायचे. त्यांचं हसू मोठं होतं, शेडच्या पत्र्यापर्यंत जायचं.

मी ह्यांना सरळ सांगितलं की बाबांना एकदा समजावा, तुमच्या शॅकल आताच्या गाड्यांना पुरणार नाहीत, आणि त्या भंगारात घाला.

"काय सांगू त्यांना?" हे म्हणाले. "जन्मभर केलंत ते भंगार आहे, असं? माझ्या तोंडातून नाही निघायचं."

मग मी सांगते म्हटलं, तर दोघा भावांनी माझ्यापुढे हात जोडले. दोघेही कमालीचे भिडस्त. चिखलात कमरेपर्यंत उतरतील, पण बापापुढे तोंडाला कुलूप. शेवटी तोडगा निघाला तो असा, की बाबांच्या शॅकल टेबलाखालच्या खोक्यात टाकायच्या आणि वर पोतं झाकायचं. मला तो तोडगा तेव्हाही पटला नव्हता. राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

बाबांना ते खोकं सापडलं. ते कुणाला काही बोलले नाहीत. पुसून, नव्याने रंगवून त्यांनी आपल्या शॅकल परत भिंतीवरच्या खुंट्यांना लावल्या. मी त्या दिवशी माहेरी गेले होते.

त्याच सकाळी खाणीकडून निरोप आला, भरलेला ट्रक दलदलीत मागच्या चाकांवर बसलाय. पुढचं मला ह्यांनी नंतर सांगितलं, भिंतीकडे बघत. भाऊजी पिशवी भरत असताना बाबांनी खुंटीवरची एक काढून पुढे केली. "ही घेऊन जा, माझ्या हातची आहे." भाऊजींनी ती घेतली, पिनेवरून अंगठा फिरवला, बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ती पिशवीत टाकली. वापरायची नाही, नुसती न्यायची, हे दोघा भावांना न बोलता कळलं होतं. पण दलदलीत पोचल्यावर सगळ्याच नारिंगी. हात चिखलाने माखलेले, ट्रकवाला घाई करतोय. ह्यांच्या हाताला जी लागली ती ह्यांनी ट्रकला लावली.

जीप भाऊजी चालवत होते. ताण बसला, हिसका बसला, आणि शॅकल तुटून मागच्या काचेतून आत गेली. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना तसंच सांगत असावेत.

बाबांना आम्ही सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले, आणि संध्याकाळी विचारलं, धाकटा अजून कसा आला नाही? दुसऱ्या दिवशी परत सांगितलं, परत तेच रडणं. मग आम्ही सांगायचं सोडलं. तो खाणीवर गेलाय, एवढंच म्हणतो.

हे आता जीपला हात लावत नाहीत. शॅकलचा तुटका तुकडा त्यांनी टेबलावर ठेवलाय. मी उचलायला गेले तर नको म्हणाले. काल बाबा तिथे येऊन बसले. तो तुकडा त्यांनी उचलला, उजेडात धरला आणि तुटलेल्या जागेवरून नख फिरवलं. किती दिवसांनी त्यांची नजर अशी धारदार दिसली.

"कोणी केली ही?" त्यांनी विचारलं.

मग तुकडा उलटा करून परत बघितला.

"लोखंड हलकं आहे. ह्याला भट्टीजवळ उभं करू नका."

"नाही करणार, बाबा."

"तेवढ्यानं नाही भागत. त्याला तोंडावर सांगा. सांगितल्याशिवाय माणसाला कळायचं कसं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी, घरातली फटकळ सून, खाली मान घालून उभी राहिले. बाबा उत्तराची वाट बघत होते.