मास्तरांच्या पानावरचे आकडे

माझा धाकटा भाऊ फ्लोरियान सिंफन्या लिहितो आणि त्या उतरवून प्रत्येक वादकाची पानं मी तयार करते. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अख्ख्या व्हिएन्नात ते माझ्याशिवाय कुणाला लागत नाही.

त्या आठवड्यात मी सवयीने खालच्या सुरांवर आकडे घातले. हार्पसिकॉर्ड हे पट्ट्यांचं वाद्य वाजवणारे हाइडेनराइख मास्तर त्या आकड्यांवरून वरचे सूर मनाने भरतात. चाळीस वर्षं हेच चाललंय.

फ्लोरियानने पान पाहिलं. "ताई, संथ भागात आकडे कशाला? तिथे हार्पसिकॉर्ड नाहीच मुळी. नुसती व्हायोलिनं."

"मग मास्तरांनी काय करायचं?"

"गप्प बसायचं."

"ज्यांनी छड्या मारून तुला शिकवलं, त्यांना तू गप्प बसवणार?"

तो कानापर्यंत लाल झाला. "खोड ते," एवढंच म्हणाला. मी खोडलं नाही. मीही काही कमी हट्टी नाही. कोरं पान पाहिलं असतं तर मास्तर समजायचं ते समजले असते आणि पुन्हा कधी आलेच नसते. दर रविवारी सकाळी बॅरनकडे वादन आणि दुपारी मास्तर आमच्याकडे जेवायला; त्यांच्याशिवाय रविवार मला नको होता.

रविवारी बॅरनच्या दिवाणखान्यात संथ भाग सुरू झाला. मास्तरांनी एक सूर दिला, दुसरा दिला आणि हात मांडीवर ठेवले. शेवटपर्यंत ते डोळे मिटून ऐकत राहिले.

दुपारी ते नेहमीसारखे आमच्याकडे जेवायला आले. सूप तसंच ठेवून त्यांनी ते पान मागितलं.

"आकडे बरोबर आहेत, पोरी. पण या गाढवाने भरायला जागा कुठे ठेवलीये? सगळं स्वतःच भरलंय. चांगलं भरलंय." मग लेखणी घेऊन त्यांनी एकेक आकडा स्वतः खोडला. "पुढच्या रविवारी गाडी पाठवू नका."

फ्लोरियान रडकुंडीला आला. "मास्तर, यायचंच तुम्ही."

"कशाला? शोभेला?"

"तुम्ही समोर नसलात तर मी काहीही खरडेन. मला धाक कुणाचा आहे दुसरा?"

मास्तरांनी वाडगं माझ्यापुढे केलं. "हे निवलं. गरम वाढ." आणि त्याला म्हणाले, "मिन्युएटच्या त्या नाचऱ्या भागात दोन चुका आहेत तुझ्या. रविवारी सांगतो. गाडी लवकर पाठव."