आभारप्रदर्शनातली गांडुळं

देशोदेशीच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या वार्षिक परिषदेची संयोजक म्हणून ताईची सलग तिसऱ्या वर्षी एकमताने निवड झाली. एकमताने म्हणजे बैठकीला दुसरं कोणी फिरकलंच नव्हतं. विद्यापीठात सगळे तिला ताईच म्हणत, कारण गांडुळांवर पीएच.डी. करता करता तिला सातवं वर्ष लागलं होतं. यंदा सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, लेखी कळवलं होतं : परिषदेत पेपर वाचायचा आणि त्यावर निदान एक प्रश्न यायला हवा, तरच मुदतवाढ. नाहीतर गाशा गुंडाळून घरी.

ताईने खोलीच्या भिंतीवर वेळापत्रक मांडलं. अकरा देश, बेचाळीस वक्ते, बेचाळीस चिठ्ठ्या. त्रेचाळिसावी तिची स्वतःची. मग एकेकाच्या अडचणी सुरू झाल्या. एकाचा सकाळी घसाच उघडत नाही. एकीला जेवणानंतरची वेळ नको, श्रोते पेंगतात. दोघांना एकमेकांचं तोंडही बघायचं नाही, आणि विषय दोघांचा एकच, 'जागतिक सहकार्य'. खगोलशास्त्रातला उंचाडा तर चार वेळा येऊन गेला.

"ताई, माझं तेवढं जरा पुढे सरकव ना."

"बरं बाबा, माझी काढते, तुझी लावते. झालं?"

इतक्या भिडस्त माणसाच्या हाती वेळापत्रक द्यायचंच नसतं. दर खेपेला ताईची चिठ्ठी उचलली जायची. शेवटी भिंतीवर जागा उरली नाही, तेव्हा ती दारावर चिकटवली गेली. आणि ताई भिंतीकडे बघून टाइप करायला बसली, ती दाराकडे पाठ करून.

छापून आलेली कार्यक्रमपत्रिका तिने मोठ्या कौतुकाने आईला पाठवली. आईचा लगेच फोन.

"चष्मा पुसून दोनदा वाचली गं. तुझं नाव कुठंय?"

"असेल गं, नीट बघ," म्हणत ताईने स्वतः पत्रिका उघडली आणि मटकन खाली बसली.

"हां, सापडलं. शेवटच्या पानावर आहे. आभारप्रदर्शन," आई म्हणाली. "एवढ्यासाठी सात वर्षं?"

ताई धावत सरांकडे गेली. "छापलेल्यात बदल नाही," सर मान वर न करता म्हणाले. मग तिने उंचाड्याला गाठलं, तर त्याने छातीवर हात ठेवला. "ताई, जीव माग, देतो. वेळ तेवढी मागू नकोस."

परिषदेच्या दुसऱ्या आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी आभारप्रदर्शनाची पंधरा मिनिटं आली. कोणी मध्येच पळू नये म्हणून प्रमाणपत्रं त्यानंतर ठेवलेली, त्यामुळे सभागृह गच्च. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून ताई उभी राहिली.

"सर्वप्रथम मी गांडुळांचे आभार मानते."

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

"विशेषतः जड मातीतल्या. पाऊस नसतानाही त्यांनी मला माहिती पुरवली. ती अशी." पडद्यावर आलेख उमटला. मागे कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेत सरांनी पेन खाली ठेवलं.

बारा मिनिटांत तिने सात वर्षं सांगून टाकली. "काही प्रश्न?"

सगळ्यांचे डोळे गठ्ठ्यावर. उंचाडा छत न्याहाळत बसला. संपलं आपलं, ताईला वाटलं. तेवढ्यात सर उठले.

"तिसऱ्या प्रकरणात तू म्हटलं होतंस, माती सुकली की गांडुळं खोल जातात. आता म्हणतेस, जागच्या जागी वेटोळं करून पडून राहतात. खरं काय?"

तिसरं प्रकरण तिने चार वर्षांपूर्वी दिलं होतं. सरांनी ते वाचलं असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"तिसरं प्रकरण चुकलंय, सर," ती म्हणाली. "मी ते तुमच्या लेखावरून लिहिलं होतं. तोही चुकलाय."

बेचाळीसच्या बेचाळीस वक्ते परिषदेत पहिल्यांदाच एकदम जागे झाले. सरांनी खुर्ची पुढे ओढली. "दाखव."

"ताई," उंचाडा अर्धवट उठून कळवळला, "माझी गाडी आहे गं. माझं प्रमाणपत्र तेवढं आधी..."

"खाली बस," ताई म्हणाली आणि तिने पुढची आकृती लावली.