राखीव दिवस

हर्षा चार दिवस कामाला जाऊन आली आणि तिचे चारही पांढरे शर्ट जसेच्या तसे परत आले, तेव्हा प्रभावतीबाईंना पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

शर्ट त्यांनीच इस्त्री करून बॅगेत ठेवले होते. नागपूरला मनपाच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या, शेवटची सहा मेट्रन. गणवेश अंगावर चढला की नाही, हे त्यांना कॉलरवरून कळायचं. या शर्टांच्या कॉलरी कोऱ्या होत्या. बटणंही त्यांनी लावली होती तशीच लावलेली.

"काय गं, या वेळी कुठं कुठं गेलीस?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, आई. बोलावलंच नाही."

"चार दिवस?"

"चार दिवस," हर्षा म्हणाली आणि आंघोळीला गेली.

सून वैमानिक आहे हे इंदोऱ्यातल्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. प्रभावतीबाईंनीच ते सांगितलं होतं. पण २००६च्या सप्टेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या वोल्फ्सबुर्गला आल्या आणि तिची नोकरी जवळून पाहू लागल्या, तेव्हा त्यांना तिच्यातलं काहीच कळेना. मुलगा यशपाल गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सकाळी साडेसहाला जायचा, पाचला घरी. त्याचं सरळ होतं. हर्षा मात्र बॅग घेऊन तीन तास रेल्वेनं फ्रँकफर्टला जायची, तिथं कुठल्याशा खोलीत राहायची आणि कधी कधी विमानाचं तोंडही न बघता परत यायची.

फ्रीजवर तिचा महिन्याचा डीन्स्टप्लान, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, लावलेला असे. त्यात बऱ्याच चौकोनांत आर-ई-एस अशी तीन अक्षरं.

"म्हणजे राखीव," यशपालनं समजावलं. "कुणी पायलट आजारी पडला, कुणी अडकला, की यादीतल्या राखीव माणसाला फोन जातो. तासाभरात विमानतळावर पोचायचं. इथून तीन तास लागतात, म्हणून तिनं चौघांत मिळून केल्स्टरबाखला फ्लॅट घेतलाय. विमानतळाच्या पुढचंच स्टेशन."

"चौघी?"

"चौघं. ती आणि तिघे पुरुष. पायलटच आहेत गं, आई."

राखीव हा शब्द आपल्या माणसांनी काय कमी ऐकलाय, असं प्रभावतीबाईंच्या मनात आलं. पण त्यांच्या डोक्यात तिघे पुरुष राहिले.

पुढच्या खेपेला हर्षा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांनी केल्स्टरबाखच्या फ्लॅटवर फोन लावला. भोपळ्याच्या भाजीत घालायची मेथी कुठल्या डब्यात आहे, एवढंच विचारायचं होतं. निदान स्वतःला तरी त्यांनी तसं सांगितलं. पलीकडून पुरुषाचा जाड, निवांत आवाज आला. "हर्षा? हर्षा श्लेफ्ट."

संध्याकाळी त्यांनी यशपालला सहज विचारल्यासारखं विचारलं, "श्लेफ्ट म्हणजे काय रे?"

"झोपलीय. का?"

"काही नाही. शेजारीण बाळाबद्दल म्हणत होती."

खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण थांबवेना. त्या रोज फ्रीजसमोर उभ्या राहू लागल्या. बुधवारी हर्षाची राखीव ड्यूटी संपत होती, गुरुवारचा चौकोन रिकामा होता. तरी हर्षा म्हणाली होती, गुरुवारी रात्री येईन. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, हे त्यांनी जुना कागद काढून पाहिलं. त्याच्या आधीच्या महिन्यातही. दर खेपेला एक अख्खा दिवस कुठंतरी जात होता.

यशपालला सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण तो जेवताना हर्षाच्या गोष्टी इतक्या कौतुकानं सांगायचा की शब्द गिळावे लागले. आधी आपण बघू, मग बोलू, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी यशपाल कामाला गेला आणि प्रभावतीबाई बाहेर पडल्या. चिठ्ठी ठेवली नाही. हर्षाला आलेल्या एका पाकिटावरचा पत्ता त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घेतला होता. इंग्रजी त्यांना येत होतंच. फ्रँकफर्टला तोच कागद दाखवून एका मुलीला विचारलं, तिनं लोकल गाडीत बसवून दिलं. साडेअकराला त्या केल्स्टरबाखच्या एका तीन मजली इमारतीसमोर उभ्या होत्या. बेलशेजारी चिकटपट्टीवर चार आडनावं लिहिलेली, त्यात सर्वांत खाली आपलं, मेश्राम. त्यांनी ते दोनदा वाचलं. बेल दाबली.

दार उघडलं ते पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या एका माणसानं. अर्धी चड्डी, बनियन आणि हातात इस्त्री.

"मी हर्षाची सासू," प्रभावतीबाई इंग्रजीत म्हणाल्या.

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, इस्त्रीकडं पाहिलं, बाजूला सरकला. "आल्झो, बरं... या, या. मी डिर्क. ती आत आहे."

आतल्या खोलीत दोन बंक, चार बॅगा आणि खिडकीशी एक टेबल होतं. हर्षा टेबलाशी बसली होती. कानांत बोळे, समोर पुस्तकं, वहीभर आकृत्या. प्रभावतीबाईंनी खांद्याला हात लावताच ती दचकून उभी राहिली. त्यांना पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई? यशला काय झालं?"

"काही नाही झालं. तो कामावर आहे."

"मग तुम्ही इथं... एकट्या?"

"तू सुट्टीच्या दिवशी इथं काय करतेस, ते बघायला आले."

हर्षा खाली बसली. प्रभावतीबाईंनी टेबलावरचं पुस्तक उचललं. भारतातल्या विमान-नियमांचं पुस्तक होतं. परीक्षेचं.

"मला तिकडं नोकरी मिळतेय," हर्षा म्हणाली. "हैदराबादला. नवी कंपनी आहे, त्यांना माणसं हवीत. तिकडचं लायसन्स काढायला परीक्षा द्याव्या लागतात. वर्षभरात कॅप्टन करतील म्हणतात."

"आणि इथं?"

"इथं ज्येष्ठतेची यादी असते, आई. मी पाच वर्षांपूर्वी सगळ्यांत खाली लागले. कंपनीनं तेव्हापासून माणसं घेतलीच नाहीत. मी अजून खालीच आहे. खालचे ते राखीव. बोलावतील तेव्हा उडायचं, नाहीतर फोनकडं बघत बसायचं. पहाटे चारपासून जागी असते, म्हणून अकराला झोपते."

प्रभावतीबाईंची मान खाली गेली. पण दुसरी शंका आता पहिलीपेक्षा मोठी होऊन उभी राहिली होती.

"यशला सोडून चाललीस?"

"नाही."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"तो म्हणेल, जा. आणि मग माझ्या प्रत्येक फोनमध्ये काहीतरी शोधत बसेल. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे." तिनं वही मिटली. "आणि मी परत येईन की नाही, ते मला खरंच माहीत नाही. खोटं कसं सांगू?"

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. दोघी ऐकत राहिल्या. "या, या. गेनाऊ," हो, हो, बरोबर, एवढंच डिर्क जर्मनमध्ये बोलला. दहा मिनिटांत तोच अर्ध्या चड्डीतला माणूस कॅप्टनचा चार पट्ट्यांचा कोट घालून दारात उभा होता, दाढी केलेला, टाय नीट. प्रभावतीबाईंना वाकून नमस्कार केला आणि बॅग ओढत निघून गेला. जिन्यावर त्याची बॅग खडखडत गेली.

"कॅप्टन असून राखीव?" त्यांनी विचारलं.

"कॅप्टनांच्या यादीत तो खाली आहे."

हर्षानं खिचडी केली. दोघी बंकच्या कडेवर बसून जेवल्या. हर्षा ठरल्याप्रमाणे रात्रीच्या गाडीनं येणार होती. निघताना प्रभावतीबाई म्हणाल्या, "परीक्षा दे. पण त्याला तूच सांग. मी नाही सांगणार."

साडेसहाला वोल्फ्सबुर्गच्या स्टेशनात गाडी थांबली. फलाटावर यशपाल उभा होता. मफलर नाही, कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यातच.

"शेजारणीनं तुला स्टेशनकडं जाताना पाहिलं म्हणे. तासाभरात तिसरी गाडी बघतोय," तो म्हणाला. "कुठं होतीस?"

"हर्षाकडं गेले होते. कंटाळा आला होता घरात."

यशपालनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. कारपाशी पोचल्यावर त्यानं दार उघडून दिलं, स्वतः बसला, किल्ली मात्र फिरवली नाही.

"मी हर्षाला फोन केला होता, आई. पाच वाजता. ती म्हणाली, आई इथं आल्याच नाहीत."

प्रभावतीबाईंच्या लक्षात आलं, पोरीनं आपल्याला वाचवायला म्हणून सांगितलं असणार. दोघींनी काय सांगायचं ते ठरवायचंच राहून गेलं होतं.

"तुमच्या दोघींत काय चाललंय?"

"तिला विचार."

"तुला विचारतोय."

"यश, मी नर्स होते. रोग्याचं रोग्यालाच सांगायचं असतं."

"म्हणजे ती आजारी आहे?"

"नाही रे बाबा!"

पण त्याचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर तो जेवला नाही. फ्रीजवरचा कागद काढून त्यानं टेबलावर पसरला आणि पेन्सिलनं चौकोन मोजत बसला. प्रभावतीबाई दारातून बघत होत्या. गेला महिनाभर आपण कशा दिसत होतो, ते त्यांना समोर दिसलं. त्यांनी आत जाऊन हर्षाला फोन लावला. ती परतीच्या गाडीत होती.

"घरी आलीस की बॅग खाली ठेवायच्या आधी सांग," त्या म्हणाल्या. "तो मोजायला लागलाय."

हर्षानं तसंच केलं. कोट अंगात ठेवून, उभ्यानं सगळं सांगितलं. परीक्षा, हैदराबाद, कॅप्टनची पट्टी. यशपाल पेन्सिल हातात फिरवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "जा. तू जायलाच हवंस." मग आईकडं वळून, "पण तुला माझ्या आधी कळलं."

"मी शोधत गेले म्हणून कळलं," प्रभावतीबाई म्हणाल्या. "वाईट संशय घेऊन गेले होते. हर्षा, मला माफ कर."

हर्षानं कोट काढला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

जानेवारीत ती दोन पेपरांत पास झाली, एकात नापास. मार्चमध्ये तोही सुटला आणि उन्हाळ्यात ती हैदराबादला रुजू झाली. यशपालचं काम करारानं दोन वर्षं बांधलेलं होतं, तो मागं राहिला. हर्षा दर तीन महिन्यांनी आठवडाभर यायची, दिवाळीला तो जायचा. कॅप्टन व्हायला वर्षाऐवजी दीड वर्ष लागलं. त्या दिवशी तिनं पहिला फोन यशपालला केला आणि दुसरा नागपूरला, आणि यशपालला पहिला केल्याचं प्रभावतीबाईंना आवर्जून सांगितलं.

यशपाल दर रविवारी आईला फोन करतो. जय भीम म्हणतो, गुडघे कसे आहेत विचारतो, पाऊस, बाजार, शेजारी, सगळं बोलतो. मग शेवटी जरा थांबतो.

"हर्षा काही बोलली का तुझ्याशी?"

"तिला विचार की."

"विचारलं," तो म्हणतो. "ती सांगते ते माहीत आहे मला. तू सांग."