परदेशी पेशींचे पंचवटीत आगमन

त्या गुरुवारी पंचवटीतल्या मंगल कार्यालयात जेवढी दाटी झाली होती, तेवढी तिथे कुठल्याही विवाहात मी पाहिलेली नाही. विवाहात निदान निम्म्या मंडळींचे लक्ष पंगतीकडे असते. इथे मात्र सर्वांचे नेत्र व्यासपीठावरच्या एका तांब्याच्या घंगाळावर खिळले होते. घंगाळाखाली चूल नव्हती, निखारा नव्हता, साधी समईही नव्हती. तरीही आतले द्रव्य खळखळा उकळत होते. त्यातून शुभ्र लोट उसळत, काठावरून ओघळत, पायऱ्या उतरून पुढच्या रांगेतल्या भक्तांच्या पायांशी लोळण घेत होते. भक्तजन ते ओंजळीत धरून मस्तकी लावत होते.

घंगाळामागे पेशीसिद्ध महाराज उभे होते. अंगात भगवी कफनी, हातांत रुग्णालयातले निळे मोजे, आणि जटाभारावर शस्त्रक्रियेच्या वेळी घालतात ती हिरवी टोपी. टोपीला गंध लावलेले होते.

"आल्या!" महाराज गरजले. "जर्मनीहून निघाल्या, ओझरच्या विमानतळाकडे ढुंकूनही न पाहता थेट इथे आल्या! कोण आल्या?"

"पेशी!" सभागृह दुमदुमले.

"व्हिसा लागला?"

"नाही!"

"सामान तपासलं?"

"नाही!"

मग महाराजांनी मंत्र म्हटला. आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात गेलेल्या माझ्या कानांना तो ओळखीचा वाटला. 'नदी' या शब्दाची सगळी विभक्तिरूपे ते ओळीने म्हणत होते, आणि संबोधनाला येताच त्यांनी डोळे पांढरे केले. मंत्रावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच मला तिथे हसू आले नाही.

आता महाराजांनी काळ्या द्राक्षांचा एक घोस उंच धरला.

"हे काय आहे?"

"द्राक्षं," कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणाले.

"मूढा! हा रक्तातला कर्क! एकेक मणी म्हणजे एकेक माजलेली पेशी!"

त्यांनी घोस घंगाळात बुडवला, सांडशीने बाहेर काढला, पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याचा एक घाव घातला. द्राक्षे काचेच्या गोट्यांसारखी खणखणत फुटली. जयघोषाने छत हादरले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी एक तुकडा प्रसाद म्हणून तोंडात टाकला. तो जिभेला असा चिकटला, की ते बराच वेळ बोबडे बोलत राहिले. मागच्या दोन भगिनींनी ते बोल सिद्धवाणी समजून भ्रमणध्वनीत ध्वनिमुद्रित करून घेतले.

हे सारे ज्या मुलीसाठी चालले होते, ती आभा पहिल्या रांगेत तोंडावर मुखपट्टी बांधून बसली होती. वय वर्षे दहा. रक्ताचा कर्करोग, एकदा औषधांनी मागे हटलेला आणि आता परत उलटलेला. तिचे आजोबा ढुंढिराजपंत माझे बालमित्र. पाणीपुरवठा खात्यात अभियंता म्हणून ज्यांनी हयात घालवली, असे हिशेबी गृहस्थ. नाशिकच्या डॉ. सविता यांनी पुष्कळ पत्रव्यवहार करून सिंगापूरच्या एका रुग्णालयात आभाला जागा मिळवली होती. उपचार नवा होता. मुलीच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना रोग ओळखायला शिकवायचे, त्यांची फौज वाढवायची आणि ती तिलाच परत द्यायची. येत्या मंगळवारी निघायचे ठरले होते. डॉक्टरांनी बजावले होते, की रोग आणखी वाढला तर काढण्याजोग्या पेशीच उरणार नाहीत. आणि गर्दीत तर मुलीला मुळीच नेऊ नका.

आणि पंत तिला इथे घेऊन आले होते!

कारण ऐका. सिंगापूरच्या रुग्णालयाने कुटुंबाला एक चित्रफीत पाठवली होती. तीत एका पिंपाचे झाकण उघडते, पांढरे बाष्प उसळते आणि हातमोजे घातलेला मनुष्य आतून पेशींची पिशवी काढतो. पंतांनी ती फीत इतक्यांदा पाहिली, की उपचार म्हणजे जणू ते बाष्पच, असे त्यांच्या भयाकुल मनाने घेतले. पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून आशीर्वाद घ्यायला ते महाराजांकडे गेले आणि त्यांनी ती फीत महाराजांना दाखवली! तोवर महाराज हळदीने मुतखडा पाडत असत. पुढच्याच गुरुवारी घंगाळ उकळू लागले. पंत मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तंतोतंत तेच हो! तोच धूर, तेच मोजे! जे सिंगापुरात, तेच पंचवटीत. मग पोरीला समुद्रापार कशाला न्यायचं?"

"पंत, चित्रात जेवण पाहून कुणी ढेकर देतं का?" मी विचारले. ते पुन्हा ती चित्रफीत लावून बसले. भ्यालेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्याजवळ बसून राहावे लागते. म्हणून मीही तिथे बसलो होतो.

"आता पेशीबंधन!" महाराज म्हणाले. "आत ठेवलेल्या कुंभातली एक पेशी चांदीच्या ताइतात भरून बाळीच्या गळ्यात घालू. नियम एकच. द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत इस्पितळाचं औषध नाही आणि समुद्रोल्लंघन नाही. परदेशी पेशीला परत तिच्या देशाची हवा लागली, की ती माहेरी पळते!"

आभाच्या आईने, लतिकेने, मुलीचा हात घट्ट धरला. वडील आल्हाद डोळ्यांच्या कोपऱ्यातून पंतांकडे पाहत होते. घरात पंतांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. मंगळवारचे विमान त्या एका ताइतावर लटकले होते.

"महाराज, एक विचारू?" मुखपट्टीआडून आभाचा आवाज आला.

"विचार, बाळे."

"या पेशी कुणाच्या आहेत?"

"हिमालयातल्या ऋषींच्या."

"मग जर्मनीहून कशा आल्या?"

"ऋषी तपासाठी तिकडे गेले होते."

सभेने समाधानाने माना डोलावल्या. आभाने मात्र भुवया उंचावल्या. "पण डॉक्टरमावशी म्हणाल्या, माझ्याच पेशी लागतात. दुसऱ्याच्या नाही चालत म्हणाल्या. आणि माझ्या तर अजून कुणी काढल्याच नाहीत."

"काढल्या. सूक्ष्म रूपानं. तू झोपली होतीस तेव्हा."

"कुठल्या हातातून?" तिने दोन्ही बाह्या वर केल्या. दोन्ही हात सुयांच्या जुन्या निळ्या डागांनी भरले होते. "या सगळ्या सुया मला माहीत आहेत. नवीन कुठली?"

महाराजांनी तत्काळ शंख फुंकवला. प्रश्न अवघड झाला, की शंख फार उपयोगी पडतो.

भगव्या वस्त्रात गुंडाळलेला कुंभ पुढे आला. वाळू नावाच्या शिष्याने त्याच्या अरुंद तोंडातून लांब दांडीची एक वाटी वर ओढली. बाष्पाची वावटळ उठली. वाटीत रंगीत, काडीसारख्या बारीक नळ्या उभ्या होत्या. महाराजांनी चिमट्याने एक गुलाबी नळी उचलली. "हीच ती!"

आभा खुर्चीवर उभी राहिली.

"आई, हे तर मामाकडचं आहे!"

"गप्प बस, बाळा," पंत कुजबुजले.

"नाही आजोबा, खरंच! सायखेड्याला गोठ्यात डॉक्टरकाका मोटारसायकलवर हेच डबडं आणतात. त्यातून अशीच काडी काढतात, कोमट पाण्यात धरतात. मग कपिलेला कालवड झाली ना! हे वळूचं आहे!"

महाराजांच्या चिमट्यातली गुलाबी नळी तशीच हवेत राहिली. मग मागच्या बाजूने, जिथे सायखेड्याकडची मंडळी भाचीसाठी येऊन बसली होती, एक दबलेले खिंकाळणे आले आणि पाहता पाहता ती पूर्ण रांग हसून आडवी झाली. आभाचा मामा लखन उठून पुढे आला, कुंभावरचे भगवे वस्त्र ओढून बाजूला केले. खाली पोचे पडलेले अॅल्युमिनियमचे भांडे निघाले.

"म्हाराज, माझ्या गोठ्यात बारा वरसं येतंय हे. एक सांगा फक्त," लखनमामा नम्रपणे म्हणाला. "ही काडी जर्सीची हाय का होल्स्टीनची? न्हाई, भाचीच्या गळ्यात बांधायची तं जात तरी कळू द्या!"

"दूध किती देईल तेबी इचार!" मागून कुणीतरी ओरडले.

दुसरा कुणी असता तर खिडकीतून पळाला असता. महाराज मात्र दोन्ही हात उंचावून म्हणाले, "ओळखलंत! बाळीच्या मुखातून सत्य प्रकटलं! मीच सांगणार होतो. हा साधा वळू नव्हे. हा साक्षात नंदी! या नंदीच्या पेशी आहेत!"

आणि वाचकहो, माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ अर्ध्या सभेने पुन्हा हात जोडले. एका गृहस्थाने गुडघेदुखीवर दोन काड्या मागितल्या. फुलाबाई नावाच्या आजी व्यासपीठाला नमस्कार करून विचारत्या झाल्या, की नंदीची पेशी सुनेला चालेल का, की फक्त मुलग्यांना. लखनमामाने कपाळाला हात लावला. "आजीबाई, सुनेला गोठ्यात बांधणार हाय का?"

मी पंतांकडे पाहिले. ते घंगाळाकडे पाहत होते, पण आता वेगळ्या नजरेने. ते उठले, चष्मा पुसून व्यासपीठावर गेले आणि घंगाळावर वाकले. मग सभेकडे वळले.

"हे पाणी नव्हे. हा द्रवरूप नायट्रोजन आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेतला बहुतेक भाग हाच असतो. तो अतिशय थंड केला, की द्रव होतो. इतका थंड, की बर्फ त्याच्यापुढे निखारा. याला उकळायला चूल लागत नाही. या सभागृहाची हवा हीच याची चूल. आणि हा पांढरा लोट परदेशातून आलेला नाही. आपल्या श्वासातलं, गोदाकाठच्या हवेतलं बाष्पच थंडीनं गोठून ढग होऊन खाली उतरतंय. द्राक्ष फुटलं, कारण त्यातलं पाणी दगड झालं. त्या जागी बोर बुडवलं असतं तर बोर फुटलं असतं. महाराजांनी बोट बुडवलं, तर..." ते थांबले. "महाराज, बुडवता?"

महाराजांनी दोन्ही हात कफनीत घेतले.

"हे मला ठाऊक होतं," पंत अस्फुट म्हणाले. "मी अभियंता आहे. वाफ वर जाते, धुकं खाली येतं, हे मला पहिल्या क्षणी दिसत होतं. मी पाहायचं नाही असं ठरवलं होतं."

वाळूने तेवढ्यात काय ओळखायचे ते ओळखले आणि हात जोडून सांगून टाकले, की तो पूर्वी गावोगाव गाईंच्या कृत्रिम रेतनाचे काम करी. भांडे त्याचे जुने, नळ्या त्यातच राहून गेलेल्या. "म्हाराज म्हनले, रिकामा कुंभ बरा नाय दिसत. ऱ्हाऊ दे आत."

मी आणि लखनमामा जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने गंभीरपणे विचारले, "नंदीचं नाव फिर्यादीत घालायचं का?" त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. पण तक्रार नोंदली गेली.

संध्याकाळी पंत कुटुंबासह डॉ. सवितांच्या दवाखान्यात गेले; मलाही त्यांनी नेले. डॉक्टर आधी आभाच्या गर्दीत जाण्यावरून सर्वांवर ओरडल्या, मग त्यांनी तिचा ताप पाहिला, रक्त तपासायला घेतले. मग पंतांनी घसा खाकरला.

"डॉक्टर, सिंगापूरला नेलं, तर ही बरी होईल?"

"माहीत नाही," डॉ. सविता म्हणाल्या.

पंतांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "काका, ऐकून घ्या. हा उपचार घेतलेल्या पुष्कळ मुलांचा रोग मागे हटला आहे. काहींचा परत आला आहे. काहींना उपचारच सोसला नाही. त्यात फार ताप येतो, अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. आभाचं काय होईल ते मला आज सांगता येत नाही. एवढं सांगते, की इथल्या औषधांनी जेवढी आशा उरली आहे, त्याहून तिथे जास्त आहे. म्हणून मी पाठवते आहे. काही बिघडलं, तर का बिघडलं हे आम्ही तुम्हाला सांगू. ते विचारायचा तुमचा हक्क आहे."

आभा मधेच म्हणाली, "आणि दुखलं तर?"

"दुखेल, राणी. थोडं तरी दुखेलच. दुखलं की ओरडायचं."

आभाने विचार केला. "मग ठीक आहे. महाराज म्हणाले होते, काहीच दुखणार नाही. तेव्हाच मला शंका आली."

पंत आभाची वर गेलेली बाही नीट करत होते. मग उठले आणि ज्या आदराने मी आजवर त्यांना फक्त त्यांच्या वृद्ध गुरूंपुढे वाकताना पाहिले होते, त्या आदराने त्यांनी डॉक्टरांना हात जोडले. "इतक्या दिवसांत मला 'माहीत नाही' म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. सगळ्यांनाच सगळं माहीत होतं." आणि आल्हादकडे वळून म्हणाले, "मंगळवारचं विमान चुकता कामा नये. पोरीचे कपडे भरायला घ्या."

वाचकहो, आभा सिंगापूरला गेली आहे. तिच्या पेशी काढल्या गेल्या आहेत आणि त्यांचे शिक्षण सुरू आहे. ती बरी होऊन येईल की नाही, हे मलाही माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही. मी नित्य संध्या करतो, तिच्यासाठी प्रार्थना करतो, आणि प्रार्थना करणाऱ्याने डोळे उघडे ठेवू नयेत असे कुठल्याही देवाने मला कधी सांगितलेले नाही. आपल्या घरी असे संकट आले, तर जो कुणी बरे करतो म्हणेल त्याला न लाजता विचारा: हे काय आहे, कुठून आले, याने किती जण बरे झाले आणि किती झाले नाहीत. चिडून जो शंख फुंकेल, त्याच्या दारातून उठा. जो थांबून, विचार करून, गरज पडल्यास 'माहीत नाही' असे म्हणेल, त्याच्याकडे आपले मूल घेऊन जा. आणि लवकर जा.