काठीवाले, फळीवाले आणि मी

मी एक जुना रबरी पट्टा आहे. मुलुंडच्या एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, यंत्रानं पाडलेल्या बर्फाचा एक उतार आहे. त्याच्या कडेनं मी पसरलेलो असतो. लोक तळाशी माझ्यावर उभे राहतात, मी त्यांना हळूहळू माथ्यावर नेऊन सोडतो, ते बर्फावरून घसरत खाली येतात आणि पुन्हा माझ्यावर उभे राहतात. बस, एवढंच माझं आयुष्य. मित्रांनो, ऐकायला सोपं वाटेल. पण वर नेलेलं माणूस लगेच खालीच येणार हे ठाऊक असताना त्याला रोज वर न्यायचं, याचा शीण कसा सांगू?

माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यातला. रबराच्या लांब पट्टीची दोन टोकं गरम यंत्राखाली दाबून एकमेकांत मुरवली आणि मी अखंड झालो. त्या जोडाला कारागीर सांधा म्हणत. माणसाच्या गुडघ्यासारखाच तो. धड असतो तोवर कुणाला त्याची आठवण होत नाही.

सुरुवातीला माझं कौतुक फार झालं. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. बाहेर मुलुंडला घामाच्या धारा आणि आत दातांवर दात वाजणारी थंडी, याचंच लोकांना अप्रूप. घाटकोपर, बोरिवलीहून कुटुंबं यायची. एका आजोबांनी तर पाय ठेवण्याआधी मला हात लावून नमस्कार केला होता. त्या दिवशी मी किती ताठ चाललो होतो म्हणून सांगू!

हौशे-गवशे पांगले आणि मग रोजची माणसं उरली. ती दोन प्रकारची होती. काही जण दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, हातात दोन काठ्या घेऊन घसरायचे. ते स्कीवाले. काही जण दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधून, खांदा पुढे करून घसरायचे. ते स्नोबोर्डवाले. पण ही नावं मी क्वचितच ऐकली. ते एकमेकांना काठीवाले आणि फळीवाले म्हणायचे, आणि तेही कौतुकानं नव्हे.

काठीवाल्यांच्या पुढारी होत्या पद्मजाताई. मुलुंडच्याच, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेल्या, आवाज खणखणीत. तरुणपणी काश्मीरला जाऊन स्की शिकलेल्या. शनिवार-रविवार त्या मुलांना शिकवायच्या, आणि त्या मुलांत त्यांची भाची गार्गी सगळ्यांत चपळ होती.

फळीवाल्यांचा म्होरक्या हर्षद. चारकोपचा. घरचे मूळचे कोकणातले, आजोबा गिरणीत होते. हा इमारतींमध्ये कॅमेरे बसवायचं काम करायचा. चारकोपच्या सेक्टरांतल्या रस्त्यांवर चाकांची फळी फिरवत तो मोठा झाला होता, म्हणून बर्फावरची फळी त्याला लगेच वश झाली. सुट्टी मिळाली की मित्रांना बाइकवर घालून तो एवढ्या लांबून यायचा.

दोघांनाही बर्फ जिवापाड आवडायचा. भांडण त्याचंच होतं.

“हे लोक वाटेत फतकल मारून बसतात,” पद्मजाताई माझ्यावर उभ्या राहून म्हणायच्या, “आणि खाली येताना सगळा बर्फ खरवडून नेतात. मागे नुसता टणक, गुळगुळीत थर उरतो.”

मागून हर्षद मित्राला म्हणायचा, अर्थात त्यांना ऐकू जाईल असंच, “उतार यांच्या नावावर आहे ना यार! काठ्या काय फिरवतात, एखाद्याचा डोळा जाईल.”

मी दोघांनाही घेऊन वर जायचो. माझ्यावर सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. पुढच्याची पाठ मागच्याला दिसते, तोंड नाही. एकमेकांना टोमणे मारायला ही जागा फार सोयीची होती.

एका रविवारी व्हायचं ते झालंच. उताराच्या मध्यावर थोडा उंचवटा आहे. त्याच्या पलीकडे हर्षद फळीचा पट्टा आवळायला बसला होता. वरून गार्गी सुसाट आली. मावशी बघतेय ना, म्हणून तिनं वळून पाहिलं आणि उंचवटा ओलांडताच ती थेट हर्षदवर आदळली. तिला खरचटलंही नाही. हर्षदचं मनगट मात्र मोडलं.

बर्फावर पडल्या पडल्या त्याला आई आठवली आणि तोंडून पहिले शब्द आले, “आता आवशीक काय सांगू?”

कुणीतरी लगेच त्याला उठवायला हवं होतं. त्याऐवजी भांडणच उठलं.

“इथे बसतात का? वरून दिसतोस तरी का तू?” पद्मजाताई कडाडल्या. भाची थोडक्यात वाचली होती.

“वरून येणाऱ्यानं बघायचं असतं, मॅडम! पोरीला तेवढं तरी शिकवा,” हर्षद विव्हळत म्हणाला.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. पण मी पट्टा. मला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी उताराचे व्यवस्थापक चंद्रप्रकाश यांनी वरपासून खालपर्यंत मधोमध एक जाड दोर बांधला. अर्धा उतार काठीवाल्यांचा, अर्धा फळीवाल्यांचा. मी काठीवाल्यांच्या बाजूला आलो. फळीवाल्यांना माझ्यावर उभं राहायची बंदी झाली. ते फळी काखेत मारून दोराच्या पलीकडून चालत चढू लागले. काही आठवड्यांनी हर्षदचं प्लास्टर निघालं, तोही आला आणि मान खाली घालून चढू लागला. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू यायचा.

मित्रांनो, ओझं कमी झालं की थकवा कमी होतो असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. त्या दिवसांत मी पूर्वी कधी नव्हतो एवढा दमलो. उतार अर्धा झाल्यामुळे काठीवाल्यांनाही धड वळता येईना. मुलांच्या स्की दोरात अडकायच्या. जो तो चिडलेला. चंद्रप्रकाशांच्या कानावर रोज तक्रारी जायच्या, पण सगळ्या एकमेकांबद्दलच्या. माझ्या पोटाखाली बर्फ साचून दगड झाला होता. सांधा उसवत होता, वरच्या रुळावरून वळताना मी कळवळून करकरायचो. दोन्हीकडच्यांना ते ऐकू येत होतं. पण काठीवाल्यांना वाटे, फळीवाल्यांनी काहीतरी केलं असेल. फळीवाले म्हणत, तो पट्टा कुठे आपला आहे?

शेवटी मी तुटलो.

माझ्यावर तेव्हा सगळी मुलंच होती, सर्वांत वर गार्गी. सांधा माथ्याजवळ फाटला आणि मी, मुलांसकट, मागे घसरू लागलो. खाली लोखंडी चौकट होती. मुलं किंचाळली. मला थांबायचं होतं हो, पण तुटलेल्या पट्ट्याला थांबता येत नाही.

दोराच्या पलीकडे हर्षद नुकताच पाय बांधून उभा राहिला होता. तो तसाच दोराखालून घुसला, मुलांच्या खाली आला आणि फळी माझ्यावर आडवी करून, तिची धार कडेच्या बर्फात रुतवून, फतकल मारून बसला. ज्या बसण्यावरून एवढी वर्षं शिव्या खाल्ल्या, तसाच. मुलं एकामागून एक त्याच्या अंगावर येऊन आदळली. फळी करकरत खाली सरकू लागली.

“ताई, काठ्या!” तो ओरडला. “माझ्या खाली रोवा, जोरात!”

पद्मजाताई तळाशी होत्या. पायातल्या स्की झटकून त्या बुटांनीच वर धावल्या आणि दोन्ही काठ्या त्याच्या फळीखाली बर्फात खुपसून अंगाचा भार टाकून उभ्या राहिल्या. एक काठी वाकली. दुसरी टिकली. सगळे थांबले. एका मुलाचा ओठ फुटला, गार्गीचा बूट निघाला, त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

पद्मजाताईंनी आधी भाचीला चाचपलं, मग हर्षदचा हात धरला. “मनगट?”

“ठीक आहे.”

“खरं सांग.”

“दुखतंय थोडं,” तो म्हणाला, आणि त्या तिथेच बर्फावर, त्याच्या शेजारी, वाटेत फतकल मारून बसल्या.

चंद्रप्रकाश वाईट बातमी घेऊन आले. माझी दुरुस्ती लवकर होणार नव्हती, आणि मालकांच्या मनात उतारच काढून टाकायचं होतं. “पट्ट्याशिवाय कोण येणार इथे? सांगा ना तुम्हीच.”

“आम्ही येऊ. चालत चढू,” पद्मजाताई म्हणाल्या.

“आम्हाला तर सवयच आहे,” हर्षद म्हणाला. ताईंनी मान खाली घातली.

चढायला वाट हवी म्हणून तो दोर सोडावा लागला. मी निपचित पडून होतो आणि माझ्या शेजारून सगळे पायी चढत होते. चढताना माणसं धापा टाकतात, थांबतात, थांबली की एकमेकांकडे बघतात. हर्षदनं ताईंच्या स्की घ्यायला हात पुढे केला.

“सोड. म्हातारी नाही झाले मी अजून,” त्या म्हणाल्या. थोडं वर गेल्यावर त्यांनीच त्या त्याच्या हातात दिल्या.

मग एकदा, त्याच उंचवट्याशी दम खात, हर्षद म्हणाला, “ताई, आम्ही आडवे उभे असतो ना. एका अंगाला वळलो की पाठीमागचं काहीच दिसत नाही. मुद्दाम कुणाच्या आडवं नाही येत आम्ही.”

पद्मजाताई त्याच्याकडे वळल्या. “अरे, मग हे आधी का नाही बोललास?”

“पट्ट्यावर कुठे बोलणं होतं? उभे राहिलो की आलं वरचं टोक.”

मित्रांनो, हे ऐकून मला जे वाटलं ते सांधा फाटताना वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी दोघांना एकत्र वर नेलं, त्याचा मला अभिमान होता. पण मी त्यांना नुसतं नेत होतो.

त्या वाटेवरच त्यांचं ठरलं. वरच्यानं खालच्याला जपायचं. बसायचं तर कडेला, उंचवट्याच्या आड नाही. गार्गीनं एकदा हर्षदची फळी पायाला बांधून पाहिली आणि उभी राहताच आपटली. “मावशी, हसू नकोस गं!” ती ओरडली. सगळ्यांत मोठ्यानं मावशीच हसत होती. उतार काढायचा विषय हळूहळू मागे पडला.

पुढे माझा सांधा जोडला गेला. पोटाखालचा बर्फ आता वेळच्या वेळी काढतात, कारण दोन्हीकडचे मिळून तगादा लावतात. तरी मी थकलेलोच आहे. रबर जुनं झालं की ते नवं होत नाही. नवे लोक येतात, नव्यानं काठीवाले-फळीवाले सुरू होतं. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर सगळे मिळून उभे राहता, त्याची करकर ऐका. ती कुणा एकाची नसते. आणि शेजारच्याशी बोलायला काही तुटायची वाट पाहू नका.

मी पुन्हा सुरू झालो त्या सकाळी पद्मजाताई आणि हर्षद तळाशी आले. मी तयार होतो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि बोलत बोलत पायीच चढू लागले. मी त्यांच्या शेजारून रिकामाच वर जात राहिलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.